मागच्या दाराचा फोन

गल्लीत दुसरी चोरी झाली तीही भर दुपारी. त्या संध्याकाळी मृणाल नवऱ्याला म्हणाली, "आता आपल्याले घराले अलार्म लावाच लागते."

पांढुर्ण्यातलं त्यांचं घर दिवसभर जवळपास रिकामंच असायचं. मृणाल सौंसरच्या शाळेत शिकवायची आणि सकाळच्या बसनं निघून जायची. पंकजचा संत्र्याचा व्यापार. हंगामात तो एक तर बागांमध्ये, नाहीतर नागपूरच्या बाजारात. घरी राहायचे ते पंकजचे वडील, केशवराव. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ते मागच्या खोलीत पडून असायचे. नजर अधू झाली होती, जीभ जड पडत होती. त्यांना सांभाळायला ठेवलेल्या कलाबाई त्यांच्याजवळ बसायच्या, पण दुपारी जेवायला त्या आपल्या घरी जायच्या. मृणालला धास्ती होती ती त्या तेवढ्या वेळाची.

पंकज मोबाइलवर कॅमेरे बघत बसला.

"कॅमेरा नंतर चोराचं तोंड दाखवन," मृणाल म्हणाली. "तो घरात घुसला हे मले तेव्हाच्या तेव्हा कोण सांगन? अन् लाइट गेली की वायफायही गेलं."

"मग भोंग्याचा घेऊ. दार उघडलं की असा वाजन, नदीपल्याड सावरगावपर्यंत ऐकू जाईन."

"अन् बाबा? साधा फटाका फुटला तरी त्यांची छाती धडधडते."

मग बरेच दिवस जेवणं झाली की दोघं तेच घेऊन बसायचे. एक यंत्र तिला पटायचं नाही, दुसरं त्याला. शेवटी सिमकार्डवर चालणारं, आत बॅटरी असलेलं एक ठरलं. कलाबाईंनी जाताना चावीच्या जुडग्यातलं बटण दाबायचं. त्यानंतर कुठलंही दार उघडलं की यंत्र आवाज न करता मृणालला फोन लावणार. तिनं फोन उचलून एक दाबलं की घरातलं बोलणं ऐकू येणार, दोन दाबलं की बाहेरच्या भिंतीवरचा भोंगा वाजणार. भोंगा आपण दाबू तेव्हाच वाजेल, हे मृणालनं दुकानदाराकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

बसवायला माणूस बोलवायचा नाही असं पंकजनं ठरवलं. घरात काय कुठं आहे ते अनोळखी माणसाला कशाला दाखवायचं? रविवारी त्यानं स्टुलावर चढून स्वतःच भोकं पाडली, चौकटींना सेन्सर ठोकले, दारांना त्यांचे चुंबक. यंत्राचा डबा बाबांच्या खोलीबाहेर भिंतीला लावला. मागचं लाकडी दार मात्र वाकलेलं. वारा आला की ते जरासं हलायचं, चुंबक सेन्सरपासून दूर जायचा आणि सौंसरला वर्गात मृणालचा फोन वाजायचा.

"मागच्या दाराचा काढूनच टाकतो," पंकज वैतागला.

"नाही. चोर मागूनच येते."

त्यानं कुरकुरत चुंबकाखाली लाकडाची पट्टी बसवली. मग फोन यायचे थांबले.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मृणाल शिक्षकांच्या खोलीत डबा उघडत होती आणि फोन आला. मागचं दार. पट्टी निघाली वाटते, असं म्हणत तिनं एक दाबलं.

पंख्याची घरघर ऐकू आली. मग कुणाच्या तरी पायाला भांडं लागलं. कलाबाई तर पुढच्या दारानं येतात.

"कोण?" बाबांचा जड आवाज आला. "पंकज?"

थोडा वेळ काहीच नाही. मग एक पुरुष हळूच म्हणाला, "हो."

मृणालचं बोट दोनवर गेलं आणि तिथंच थांबलं. भोंगा वाजला तर तो घाबरेल, आणि त्याच्या हाताशी बाबा आहेत. तिनं शेजारी बसलेल्या धनश्रीचा फोन ओढून घेतला आणि समोरच्या घरातल्या नत्थूजींचा पाठ असलेला नंबर लावला. स्वतःचा फोन कानापासून हलवला नाही.

"काका, आमच्या घरात चोर शिरला. बाबांच्या खोलीत आहे."

"आत्ता चारपाच जणांले घेऊन घुसतो!"

"घुसू नका! समोरच्या अंगाले उभे राहा. मागच्या बोळात कोणी जाऊ नका. त्याले पळू द्या."

"अन् माल घेऊन गेला तर?"

"जाऊ द्या, काका! पोलिसांले फोन करा अन् मी भोंगा वाजवला की ओरडा. त्याच्या आधी नाही."

दुसऱ्या कानात बाबा बोलत होते. एकेक शब्द ओढून.

"बस ना जरा. तू तर आत येतच नाही. दारातूनच पाहून जातो."

पावलं खाटेजवळ येऊन थांबली.

"मानेखाली दुखून राहिलं. उशी... उशी नीट कर."

कापड सळसळलं. खाट करकरली. बाबा कण्हले. उशी त्या माणसाच्या हातात होती आणि ती इथं सौंसरला, डबा पुढ्यात घेऊन. दाबू? आता दाबलं आणि त्यानं तीच उशी बाबांच्या तोंडावर दाबली तर? नाही दाबलं तरी तो तसं करू शकतो. धनश्रीनं तिचा दंड धरला होता. मृणालच्या ते लक्षातही नव्हतं.

मग बाबांचा आवाज आला. "हां. आता बरं वाटते."

पावलं दूर गेली. पुढच्या खोलीतल्या कपाटाची कडी वाजली. मृणालनं दोन दाबलं.

भोंगा दोन्ही फोनमधून एकदमच किंचाळला. गल्लीत आरडाओरडा झाला, काहीतरी धाडकन पडलं, पावलं पळत गेली, मागचं दार भिंतीवर आपटलं.

"पळाला! पळाला!" नत्थूजी ओरडत होते.

शाळेतल्या एका सरांनी तिला गाडीनं घरी आणलं. दारात पोलीस होते. ओट्यावर कलाबाई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. कपाटातले तिचे झुमके गेले होते, बाबांच्या उशाजवळचा मोबाइल गेला होता. चोर सापडला नाही, पुढंही कधी सापडला नाही. नत्थूजींना त्याची पाठ तेवढी दिसली होती.

मृणाल आधी बाबांजवळ गेली, त्यांच्या छातीवर हात ठेवला. धडधड होती, पण ते शुद्धीवर होते.

"केवढा भोंगा वाजला," ते म्हणाले. "पंकज होता म्हणून भ्यालो नाही."

दिवेलागणीला पंकज नागपूरहून पोचला. आल्या आल्या तो तिच्यावर उखडला. "ऐकत काऊन बसली? लगेच दाबायचं होतं. बोळात माणसं उभी केली असती तर सापडला असता ना!"

"त्याच्या हातात बाबांची उशी होती."

पंकज खुर्चीत बसला. मृणालला आतापर्यंत रडू आलं नव्हतं, ते आता आलं. सांगावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. पण दुसरं कोण सांगणार होतं?

"बाबांले वाटलं, तुम्हीच आले," ती म्हणाली. "त्यांनी त्याले बस म्हटलं. तू आत येत नाही, दारातूनच पाहून जातो, असं म्हणाले."

"मले पाहवत नाही त्यांच्याकडे," पंकज म्हणाला. "त्या खाटेवर... ते मले माझे बाबा वाटतच नाही."

थोड्या वेळानं तो उठला, मागच्या खोलीत गेला आणि खाटेच्या काठावर बसला.

"कोण?"

"मी. पंकज."

"दुपारी येऊन गेला ना?" बाबांनी चाचपडत त्याचा हात शोधला. "पुन्हा आला?"

"हो. पुन्हा आलो." मग तो तिगावकडच्या बागेबद्दल सांगू लागला. संत्र्याचा तोडा संपत आला, यंदा फळ लहान आहे पण गोड आहे. बाबा मध्येच एखादा शब्द विचारत होते. तो समजला नाही की पंकज वाकून त्यांना पुन्हा विचारत होता.