जनान्याखालचा पाटा

मी एक जुना पाटा आहे. मोटारीच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची कमान असते आणि रस्त्याचे धक्के ती सोसते. त्या कमानीतली सर्वांत लांब पट्टी म्हणजे मी. आता गंजून पडलो आहे. पण मित्रांनो, एक आवाज मला अजून स्वस्थ पडू देत नाही.

माझी पहिली वर्षे सिकंदराबादेत एका लॉरीखाली गेली. लॉरी मोडली आणि मी भंगारात आलो. तिथून बिदरच्या मौलासाब मिस्त्रींनी मला उचलले. निजामाच्या राज्यात तेव्हा मोटारीचे सुटे सामान सहज मिळत नसे. बिदर ते औराद उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीचा डावा पाटा तुटला होता. मिस्त्रींनी मला भट्टीत तापवले, ठोकून बाक दिला आणि तिथे बसवले. मी मूळ पाट्याहून जाड होतो. त्याचा मला अभिमान वाटे.

तिसऱ्या दिवशी आवाज सुरू झाला. खट्.

मोटारीच्या मागच्या भागात पडदा लावून बायकांसाठी जनाना केलेला होता. आवाज तिथे येई. पुढे इंजिनाच्या घरघरीत ड्रायव्हर गुंडेरावांना तो ऐकूच जात नसे. बायका घरी सांगत, घरचे पुरुष मालक शंकरप्पांना सांगत, आणि मालकांपर्यंत एवढेच पोचे की मागे काहीतरी वाजते. त्या मोटारीत बसायला लोक कचरू लागले.

"गुंडेराव, तू गाडी खड्ड्यात घालायलास," मालक म्हणाले. "अमावस्येपर्यंत आवाज गेला न्हाई तर गाडी माझा मेव्हणा चालवंल."

गुंडेराव रस्त्यावरच्या कोंबडीसाठीसुद्धा मोटार हळू करणारे गृहस्थ. रोज संध्याकाळी ते आणि मिस्त्री मोटारीखाली शिरत. वंगण घातले, पट्ट्या घासल्या, कातडी तुकडे कोंबले. मग रिकामी मोटार मुद्दाम खड्ड्यांतून हाकत दोघे वाटेवरच्या जनवाडा गावापर्यंत जात. मोटार गप्प. सकाळी माणसे बसली की पुन्हा खट्. सारे माझ्याकडे संशयाने बघत आणि मीही स्वतःकडे. दोष माझ्या जाडीत की माझ्या बाकात? मला काही कळेना.

अमावस्येला दोन दिवस उरले. औरादला निघण्याआधी गुंडेराव जनान्याच्या पडद्यापाशी आले आणि पाठ करून उभे राहिले.

"अक्का, तुमी मागं बसता. आवाज कसा येतो, जरा सांगा."

आत कुजबुज थांबली. मग जनवाड्याच्या नागूबाईंचा खणखणीत आवाज आला. "महिना झाला वाजायलंय. आज इचारायलास व्हय?"

आत हशा पिकला.

"चुकलंच माझं. सांगा की."

"निघताना एकदा, थांबताना एकदा. मधी वाट कितीबी खराब असू दे, न्हाई वाजत. आमी समद्या डावीकडं बसतो, आन् माझ्या बुडाखालीच वाजतंय. जात्याचा खुंटा हालला की असंच होतंय."

"सगळ्या डावीकडंच कामून बसता?"

"उजवीकडून ऊन येतंय. सकाळी जाताना बी, दुपारनं येताना बी. तुमी सावलीत बसून गाडी हाकता, तुमाला काय ठावं?"

मिस्त्रींना बोलावणे गेले. त्यांनी ऐकले आणि ते ओशाळले. आजवर सारी परीक्षा रिकाम्या मोटारीची झाली होती. आता भार असतानाच बघायला हवे होते.

"पर जनान्याखाली मैं कैसा घुसू?"

"जावा की मौलासाब," नागूबाई म्हणाल्या. "आमी काय खाली वाकून बघायलोय?"

मिस्त्री डोळे मिटूनच आत सरकले, मग त्यांनी ते उघडले. मला चाकांच्या आसाशी बांधणारे चाप जुन्या पातळ पाट्याच्या मापाचे होते. माझ्यावर ते कसेबसे पुरत होते. शिवाय चाक अधांतरी असताना आवळलेला नट भार येताच सैल झाला होता. तो मिस्त्रींच्या बोटांनी फिरला. निघताना, थांबताना आस अर्धे बोट सरकत होता. आणखी चार दिवस गेले असते तर चाप निसटला असता आणि मोटार बायकांसकट कलंडली असती.

मिस्त्रींनी लांब चाप घडवले. दुसऱ्या दिवशी त्याच बायकांना बसवून, त्यांच्या भाराखाली नट आवळले. मालक स्वतः औरादपर्यंत येऊन गेले. मेव्हण्याचे नाव पुन्हा निघाले नाही.

तेव्हापासून गुंडेराव निघण्याआधी मागे हाक देत, "मागं ठीक हाय का?" पडद्याआडून उत्तर येई, तेव्हाच मोटार हले. पुढे त्यांची लेक जगदेवी औरादला दिली. माहेरी येता-जाता तीच उत्तर देई, "ठीक हाय, अप्पा."

मग एका उन्हाळ्यात गुंडेराव तापाने गेले. दिवसकार्य उरकून जगदेवी औरादला निघाली. नव्या ड्रायव्हरने मागे न बघताच मोटार काढली. जनवाडा गेले, तरी ती पडद्याकडे तोंड करून बसली होती. मग हळूच म्हणाली, "ठीक हाय, अप्पा." शेजारच्या बायांनी तिचा हात धरला. माझ्यावर तिचा भार होता, म्हणून मला ते कळले.

मित्रांनो, गाडी हाकणारा मागे वळून विचारत असेल तर त्याला नीट उत्तर द्या. आणि चाक तुमच्या हाती आले, तर निघण्याआधी मागे बसलेल्यांना विचारा.