तळातली मूठ

ज्वारीचं पोतं दारात आलं की मुक्ताबाईंचा एक रिवाज ठरलेला. पोतं भिंतीला टेकवायचं, सुतळी सोडायची, हात कोपरापर्यंत आत खुपसायचा आणि अगदी तळातली मूठ वर काढायची. वरच्या दाण्यांकडे त्या ढुंकूनही बघत नसत. मूठ तळहातावर पसरून फुंकर घालायची, एक दाणा दाताखाली धरायचा. कट् वाजला तर पोतं घरात, नाही तर आल्या पावली परत. मंद्रूपच्या सख्ख्या भावाच्या शेतातली ज्वारी असली तरी तिची यातून सुटका नव्हती.

"आक्का, घरची ज्वारी हाय," मानसिंग दर वेळी म्हणायचा.

"घरची हाय म्हणूनच बघते रे. बाहेरच्यानं फसवलं तर भांडता तरी येतं."

मग दोघंही हसायचे.

या ज्वारीवरच ते घर चाललं होतं. सोलापूरच्या शेळगी भागातल्या दोन खोल्यांत मुक्ताबाई आणि त्यांच्या दोन जोडीदारणी पहाटेपासून कडक भाकरी थापायच्या. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. शहरातली तीन दुकानं त्या घ्यायची आणि महिन्यातून एकदा पुण्याच्या एका दुकानालाही डबे जायचे. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलती एक लेक वैष्णवी विद्यापीठात एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती.

त्या रविवारीही मानसिंगमामा पोतं घेऊन आला. तळातली मूठ निघाली, दाणा वाजला, ज्वारी पास झाली. चहा घेता घेता मामाने विषय काढला.

"आक्का, दाजींच्या विम्याचे पोस्टातले दोन लाख सुटले न्हवं?"

"सुटले की. पासबुकात आल्यात."

"मग ते तितं निजवून काय करतीस? आपल्या पाहुण्याच्या ओळखीची एक कंपनी हाय. शंभराला सहा, म्हैन्याला. माझे सत्तर हजार टाकलेत. तीन म्हैने झाले, एक तारखेला रोख हातात. पर शुक्रवारपातूर टाकलं तरच हा भाव, फुडं चारच."

"मामा, पण ती कंपनी करते काय?" वैष्णवीने विचारलं.

"लई कायकाय करती. जमिनी, सोनं, परदेशी माल."

"आणि कागद?"

मामाची बशी ओठांपाशीच थांबली. "मामाला कागद मागती व्हय गं? एवढी शिकलीस का?"

मुक्ताबाईंनी लेकीकडे डोळे वटारले. मग भावाला म्हणाल्या, "शुक्रवारी ये, मानसिंगा. काढून ठेवते."

हे म्हणताना त्यांच्या उजव्या हाताला अजून पोत्यातली धूळ लागलेली होती. पण ते ना त्यांच्या लक्षात आलं, ना वैष्णवीच्या.

वैष्णवी पुढे काही बोलली नाही, त्याला आणखी एक कारण होतं. तिने स्वतःही घरात न सांगता एक उद्योग करून ठेवला होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात रोज दोन तास पुस्तकं लावून तिने नऊ हजार रुपये साठवले होते. गोदावरी मॅडमच्या तासाला गुंतवणुकीचा धडा झाला आणि तिच्या डोक्यात ते घुमायलाच लागलं. हजारो माणसं थोडे थोडे पैसे घालून मोठमोठ्या इमारती घेतात, भाडेकरूंचं भाडं ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे दर तीन महिन्यांनी बँकेत येतं, आणि हे सगळं सांभाळणाऱ्या ट्रस्टला रीट म्हणतात. हे ऐकताना तिला वाटलं होतं, असं खरंच असतं? आपल्यासारख्यांनाही? तिने निम्म्या पैशांत रीटचे दहा वाटे घेतले. उरलेल्या पैशांत एका कंपनीचे चार शेअर घेतले. 'लाभांश जोरदार देणार, आजच घ्या,' असं वर्गातल्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं म्हणून.

सोमवारी दुपारी ती ग्रंथालयात शिडीवर उभी असताना मोबाईल थरथरला. खात्यात सत्तावन्न रुपये जमा झाले होते. रीटचं पहिलं भाडं.

सत्तावन्न रुपयांत आजकाल दोन वडापाव आणि दोन चहा येतात. पण वैष्णवी शिडीवरच बसली. तिने आज त्यासाठी काहीच केलं नव्हतं. कुठल्या तरी उंच इमारतीत कुणीतरी दिवे लावले, खुर्च्या ओढल्या, दिवसभर काम केलं, आणि त्यातलं चिमूटभर चालत चालत सोलापुरात तिच्यापर्यंत आलं होतं. एवढी गोष्ट एकटीच्या पोटात ठेवणं तिला जमेना. संध्याकाळी तिने आईला सगळं सांगून टाकलं.

मुक्ताबाई भाकरी उलटायची थांबल्या.

"कुणी दिलं?"

"इमारतीच्या ट्रस्टनं."

"का दिलं? तू त्यांचं काय काम केलंस?"

"माझा वाटा आहे, आई. भाडं आलं त्याचं."

"इमारत कुटं हाय?"

"चार-पाच आहेत. एक पुण्यात आहे."

"तू बघितलीस?"

"नाही. फोटो बघितला."

"फोटो तर माझ्याकडं राजवाड्याचा पण हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "गुरुवारी पुण्याला डबे द्यायचेत न्हवं? मला ते घर दाखव."

गुरुवारी सकाळच्या गाडीने मायलेकी निघाल्या. दुकानात डबे पोचवले आणि दोन बस बदलून त्या इमारतीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

वैष्णवीने फोटो पाहिला होता, तरी तिची मान मागे मागे जात राहिली. बावीस मजले, सगळी काच. काचेत पुण्याचं अख्खं आभाळ उतरलं होतं. ढगाचा एक तुकडा अकराव्या मजल्यावरून सावकाश बाराव्यावर चढत होता. मुक्ताबाईंनी पदर डोक्यावर घेतला, देवळासमोर घेतात तसा.

"ह्यातलं आपलं कुटलं?"

"वेगळं असं नाही. सगळ्यातलं थोडं थोडं. नखाएवढंही नसेल."

"असूंदे. दिसतं तरी."

तेवढ्यात गेटवरचा रखवालदार पुढे आला. "काय काम आहे, मावशी?"

"काम न्हाय. आमचा वाटा हाय ह्यात, तो बघायला आलोय."

रखवालदाराने मुक्ताबाईंच्या हातातल्या रिकाम्या डब्यांकडे बघितलं. त्याला हसू आलं, पण ते त्याने मिशीत ठेवलं. "कुठल्या गावचं तुम्ही?"

"सोलापूर. म्हायेर मंद्रूप."

"मंद्रूप? अव्वा, मी बी तिकडचाच, मैंदर्गीचा की. चन्नवीर माझं नाव."

मग काय, पिशवीतून उरलेल्या चार भाकऱ्या आणि शेंगाचटणीची पुडी निघाली. चन्नवीरने ती दोन्ही हातांनी घेतली. मुक्ताबाईंनी कमरेच्या पिशवीतून हळदकुंकवाची डबी काढली आणि विचारलं, "पायरीला लावू का? नवं घर घेतलं की लावत्यात." चन्नवीर पाठ करून रस्त्याकडे बघत उभा राहिला. काळ्याभोर गुळगुळीत दगडावर दोन बोटं उमटली, एक पिवळं, एक लाल. वैष्णवीला आधी लाज वाटली, मग तिनेही वाकून त्या पायरीला हात लावला.

मुक्ताबाईंनी हात पुसले आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. दारात पोतं आलं की व्हायचा तसा.

"चन्नवीर, भाडेकरू कसे हायत?"

"चांगलं हायत. दोन बँका, बाकी कम्प्युटरवालं."

"सगळे मजले भरलेत?"

"सहावा रिकामा हाय, अव्वा. दिवाळीपासून. लिफ्ट तिथं थांबत नाही."

"का सोडून गेले?"

"घरूनच काम करत्यात म्हणं आता पोरं."

मुक्ताबाई लेकीकडे वळल्या. "मग फुडच्या खेपेला भाडं कमी येणार की गं. ही गोष्ट तुला त्यांनी सांगितली व्हती?"

वैष्णवीने मोबाईल काढला. ट्रस्टचा अहवाल तिने उतरवून घेतला होता, पण उघडला नव्हता. उन्हात हाताची सावली करून ती पानं सरकवू लागली. सत्तेचाळिसाव्या पानावर या इमारतीचं नाव सापडलं. पुढे लिहिलं होतं, शंभरातली पंच्याण्णव जागा भरलेली. सांगितलं होतं त्यांनी. तिनेच वाचलं नव्हतं. आणि चौथीपर्यंत शिकलेल्या तिच्या आईने तेच पान फुटपाथवर उभं राहून पाच मिनिटांत वाचून काढलं होतं! वैष्णवी आईकडे बघतच राहिली. समोरच्या बावीस मजल्यांपेक्षा शेजारची पाच फुटांची बाई तिला उंच दिसायला लागली.

"आई, अजून एक आहे," ती हळूच म्हणाली. "ते चार शेअर मी न बघताच घेतले. शेअरमागे चाळीस रुपये लाभांश मिळाला, आणि आठवड्यात भाव एकशेतीसनं उतरला. ग्रुपवर सगळे घेत होते. कुणाला विचारायचं तर लाज वाटली."

"म्हणजे वरचीच मूठ बघितलीस."

हे बोलता बोलता मुक्ताबाई थबकल्या. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, उलटापालटा करून. मग झाडाच्या कट्ट्यावर टेकल्या.

"वैशे, मानसिंगाच्या त्या कंपनीत काय दिसंल गं?"

"माहीत नाही, आई."

"मी इचारलंच न्हाय. अडीच हजाराच्या पोत्याला कोपरापातूर हात घालते. तुझ्या सत्तावन्न रुपयांसाठी पुण्याला आले. आन् तुझ्या बापाच्या माघारीचे दोन लाख..." काचेतला ढग तेराव्या मजल्यावर पोचला होता.

शुक्रवारी मामा आला. "काढलेस का?"

"न्हाय काढले. आदी तुझ्या कंपनीची जमीन दाखव. जास्त नगं, एक गुंठा दाखव."

"आक्का, सख्ख्या भावावर संशय?"

"तुझ्या ज्वारीत हात घालते तवा रुसलास व्हय कदी?"

"ती ज्वारी हाय."

"ज्वारी किडकी निघाली तर आठ दिसांच्या भाकरी जातील. हे पैसं गेलं तर ह्यांनी मागं ठेवलेलं शेवटचं जाईल. मग जास्त खोल हात कशात घालायचा, तूच सांग." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू बघितलंस का तितं जाऊन कायतरी?"

मामाने चहातली साय बोटाने बाजूला सारली. "न्हाय," तो म्हणाला. "पाहुण्यानं सांगितलं. पाहुण्याला कसं इचारायचं? वाईट दिसतं."

"म्या तुला इचारायचं न्हाय, तू पाहुण्याला इचारायचं न्हाय, आन् पाहुण्यानं त्याच्या साडूला. मग सगळ्यात तळाला कोण हाय रे, मानसिंगा?"

मामाने अर्धा चहा तसाच खाली ठेवला.

सोमवारी मामा वैष्णवीला बरोबर घेऊन त्या ऑफिसात गेला. चहा आला, रंगीत चित्रं दाखवली गेली. वैष्णवीने सरकारी नोंदणीचा क्रमांक मागितला तेव्हा साहेब बाहेरगावी असल्याचं कळलं. जमिनीचा उतारा मागितला तेव्हा तोही साहेबांकडेच असल्याचं कळलं. मामाने तिथेच आपले सत्तर हजार परत मागितले. चार चकरा झाल्यावर पंचवीस मिळाले. उरलेल्यांसाठी तो अजून जातो. आता पाहुण्यालाही सोबत नेतो.

दोन लाखांतले एक लाख नव्वद हजार मुक्ताबाईंनी बँकेत मुदत ठेवीत ठेवले. उरलेले दहा हजार रीटमध्ये घालायला त्यांनी स्वतःच्या नावाने खातं उघडलं. कुणाच्या सांगण्यावरून नाही, दोन रविवार लेकीकडून अहवाल मोठ्याने वाचून घेऊन, प्रत्येक पानाला "थांब, हे परत सांग," म्हणत. भाव खालीही जातात, हे लेकीच्या चार शेअरांनी त्यांना दाखवलं होतंच. म्हणून गेले तरी चूल विझणार नाही, एवढेच त्यांनी घातले.

वाचकहो, वांगं देठापासून उलटंसुलटं बघून घेणारे आपण. साडीचा पोत बोटांनी चोळल्याशिवाय दुकानातून न उठणारे आपण. पण आयुष्यभराची पुंजी द्यायची वेळ आली, आणि मागणारा नात्यातला असला, की आपली जीभ का जड होते? विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याचं धान्य खरं आहे, तो पोत्याचं तोंड आपण होऊन सोडतो. मेहनतीचा पैसा कुठे जातो, काय करतो, कसा परत येतो, हे विचारायचा हक्क भाकरी थापणाऱ्या बाईलाही आहे आणि विद्यापीठात शिकणाऱ्या पोरीलाही. विचारताना लाजायचं नाही. लाजायचं असेल तर ज्याला उत्तर देता येत नाही त्याने.

तीन महिन्यांनी लेकीच्या दहा वाट्यांचं भाडं पुन्हा आलं. वैष्णवीने मोबाईल आईपुढे धरला. या वेळी सत्तावन्न नव्हते, चोपन्न होते.

मुक्ताबाई नव्या पोत्यापाशी बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत आत. त्यांनी आकडा बघितला, क्षणभर विचार केला आणि तळातली मूठ वर काढत म्हणाल्या, "सहावा मजला अजून रिकामाच दिसतोय. चन्नवीरला फोन लाव बरं."