दिलेल्या पत्त्यावर

फेब्रुवारीत आमच्या शहरात थंडी अशी पडते, की तक्रारीच्या फोनवर बसलेल्या बाईला लोक माणूस समजायचं सोडून देतात. ती बाई मी होते. शहराबाहेरच्या बॉयलरमधून जमिनीखालच्या नळांनी गरम पाणी प्रत्येक इमारतीत जातं, आणि ज्या घरातला ऊब देणारा रेडिएटर गार पडतो त्या घराचा संताप माझ्या कानात येऊन पडतो, एवढीच माझी नोकरी होती. तिला एकच कडक नियम होता: समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. त्यामुळे शिव्या देणारा माणूस दमेपर्यंत मी "क्षमस्व, आपली गैरसोय आम्हाला समजते" म्हणत राहायची. एकाने मला म्हटलं होतं, "म्हातारे, तुझं घर पेटवून देतो, म्हणजे तुलाही ऊब मिळेल." त्यालाही मी क्षमस्व म्हटलं.

मग एका संध्याकाळी घरी किटलीची शिट्टी वाजली आणि मी तिच्यापुढे उभी राहून, हात बांधून, तिची क्षमा मागितली. गंमत म्हणून नाही. पाणी आटेपर्यंत मागत राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. वयाने माझ्या मुलीएवढी असेल ती बाई. तिने फारसं विचारलं नाही, हातात हात घेतला आणि महिन्याहून जास्त सुट्टी लिहून दिली. "झोपून राहायचं बंधन नाही," ती म्हणाली, "हिंडा, फिरा. फक्त फोन उचलू नका."

अशा सुट्टीला आमच्याकडे एक बोचणारं नाव आहे: पिवळे कागद. वेड लागल्याचे. मी टेबल आवरत होते तेव्हा हिशेबातला विटोल्ड सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय मिर्का, पिवळे कागद मिळाले म्हणे? आम्हालाही सांग कुठे मिळतात, आम्हीही रांग लावतो." लोक हसले. बोगुशाही हसली, जिच्याबरोबर मी इतकी वर्षं रोज दुपारची कॉफी प्यायले. आमचे वरिष्ठ केंपा साहेब तेवढे हसले नाहीत, ते गोड आवाजात म्हणाले, "बऱ्या व्हा, मिरोस्लावाबाई. पण पत्त्यावर असा हं. कधी कोणी भेटायला येईल."

भेटायला म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आजारपणाच्या सुट्टीवरच्या माणसाच्या घरी कंपनी दोन सहकाऱ्यांना पाठवते, माणूस दिलेल्या पत्त्यावर आहे की नाही हे बघायला. फिरायला गेलं तर चालतं, पण राहायचं तिथेच. नाही सापडला तर ते दारात चिठ्ठी खोचून जातात, आणि पुढे सुट्टी खोटी ठरू शकते. मीही एकदा अशी गेले होते, आणि त्या घरात शिरताना काय वाटतं ते मला माहीत होतं.

तरीही मी पत्त्यावर राहिले नाही. घरातला टेलिफोन वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटायचा. शेवटी मी आतेबहीण आदेलाकडे तळ्यांच्या मुलखात गेले आणि कोणालाही न कळवता सुट्टी संपेपर्यंत तिच्या लाकडी घरात राहिले. आदेला मितभाषी, दिवसभर मासे साफ करायची, मी बटाटे सोलायची. तळ्यावरचा बर्फ रोज थोडा थोडा काळा पडत गेला. आणि एका सकाळी तिने माझ्या पायावर चुकून गरम सूप सांडलं, तेव्हा मी तिच्यावर खच्चून ओरडले. ती चमकली, मग हसत म्हणाली, "आली बाई परत. मला वाटलं मेलीस." त्या ओरडण्याचा मला झालेला आनंद मी कोणाला सांगू शकणार नाही. मला माझा राग परत मिळाला होता आणि तो घेऊनच मी कामावर जाणार होते. पहिल्याच दिवशी सांगणार होते, की यापुढे शिवी आली की मी फोन ठेवीन.

घरी परतले तेव्हा दारात चिठ्ठी नव्हती. देवाचे आभार मानले.

कामावर पहिल्या दिवशी बोगुशाने मला मिठी मारली. "अगं, तुझा तो सफरचंदाचा केक! विटोल्ड अजून नाव काढतो. मेली, इतकी वर्षं लपवून ठेवलीस कला."

"कुठला केक?"

"आता कुठला म्हणजे? आम्ही आलो होतो ना तपासणीला. मला फार लाज वाटत होती गं, पण साहेबांनी आमचीच नावं काढली. आणि तू मात्र... दार उघडलंस काय, घरात घालायला सपाता पुढे केल्यास काय, काचेच्या पेल्यांतून लिंबाचा चहा. विटोल्ड नको नको म्हणत होता, तर तू खाली वाकून त्याच्या पायात सपाता चढवल्यास!"

माझ्या घरी पाहुण्यांच्या सपाता नाहीत. नवरा गेला त्या वर्षी मी त्या सगळ्या कचऱ्यात टाकल्या आणि पुन्हा आणल्या नाहीत. मला केकही करता येत नाही. हे मी बोगुशाला सांगायला तोंड उघडलं, पण ती माझ्याकडे इतक्या मायेने बघत होती की मी विचारलं एवढंच, "कशी दिसत होते मी?"

"खरं सांगू?" तिने आवाज खाली आणला. "आजच्यापेक्षा बरी. काय शांत दिसत होतीस! आणि सगळ्यांची क्षमा मागितलीस, की तुमच्यावर कामाचा बोजा टाकून गेले. विटोल्डच्या तर डोळ्यांत पाणी आलं."

क्षमा मागितली. विटोल्डची. माझे कान तापले. कोणी माझ्या घरात शिरलं होतं की काय, किल्ली कोणाकडे होती, हे प्रश्न मला नंतर पडले. त्या क्षणी फक्त एवढंच वाटलं, की ज्या माणसाने मला सगळ्यांदेखत वेडी ठरवलं त्याच्या पायाशी कोणीतरी माझ्या चेहऱ्याने वाकलं होतं.

दुपारी केंपा साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझ्यासाठी कॉफी होती. असं कधी झालं नव्हतं.

"तर सोमवारपासून सुरू करू या," ते म्हणाले. "संध्याकाळची पाळी, आणि शनिवार-रविवारही. तुम्ही स्वतःहून तयारी दाखवलीत, याचं मला फार कौतुक वाटलं."

"मी असं म्हणाले नाही."

"म्हणालात की. आपल्याच स्वयंपाकघरात, दोन साक्षीदारांसमोर. त्यांनी मला शब्दन् शब्द सांगितलं. 'माझ्यामुळे झालेलं नुकसान मी भरून काढीन.' असंच म्हणालात ना?"

"साहेब, शिवी आली तर यापुढे मी फोन ठेवणार आहे."

ते दुखावल्यासारखे झाले. "हे तुमचं बोलणं वाटत नाही, मिरोस्लावाबाई."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मी नव्हतेच त्या दिवशी घरी."

केंपा साहेबांनी चमचा बशीत ठेवला, अगदी आवाज न करता. "नीट विचार करून बोला," ते म्हणाले. "घरी नव्हता, तर तुमची सुट्टी खोटी. मग मला वर कळवावं लागेल, आणि या वयात दुसरी नोकरी कोण देतं ते तुम्हाला माहीत आहे. आणि घरी होता, तर तुम्ही शब्द दिलाय. दोन्हीपैकी एकच खरं असणार. कुठलं?"

बाहेर येताच बोगुशाने माझा दंड पकडला. ती दाराशीच उभी होती. "वेडी आहेस का? हो म्हण ना! असं कसं नव्हतीस? मी तुझ्या हातचं खाल्लंय."

"ती मी नव्हते, बोगुशा!" मी खेकसले.

तिने हात सोडला, विस्तवाला लागावा तसा. मग तिचाही आवाज चढला. "मग कोण होती? तुझ्यासारखीच बोलली, तुझ्यासारखीच रडली. आणि खरं सांगते, मिर्का, ती असती तर आज माझ्यावर अशी खेकसली नसती."

मी पुन्हा दार ढकलून आत गेले. साहेब फोनवर होते. मी ते संपायची वाट पाहिली नाही. "तिने शब्द दिलाय ना?" मी म्हणाले. "मग तिलाच बोलवा. माझ्या खुर्चीवर बसवा, माझी पाळी द्या, वाटेल ते बोला तिला. मी सोमवारी येणार नाही." माझा आवाज माझा होता.

केंपा साहेबांनी रिसीव्हरवर तळवा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही; ज्याच्याकडचं काम संपलंय अशा माणसाकडे बघावं तसं.

घरी येऊन मी कपाटं उघडून पाहिली, पलंगाखाली पाहिलं. सपाता नव्हत्या. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "परवापरवा काय हसत होतात तुम्ही लोक! बरं वाटलं हो, तुमच्या घरात हसू ऐकून." कुलूप बदलून घेतलं. मग शनिवार-रविवार, दोन्ही दिवस मी मनात भांडण रचत बसले: सोमवारी का आला नाहीत म्हणून फोन येईल, तेव्हा काय काय बोलायचं.

सोमवारी फोन आला नाही. मी दिवसभर स्वयंपाकघरात टेलिफोनसमोर बसून राहिले. माझी पाळी सुरू व्हायची वेळ आली, उलटली. बोगुशाचा नाही, साहेबांचा नाही. कामावर न आलेल्या बाईची कोणालाच चौकशी नव्हती, जणू माझी खुर्ची रिकामी नव्हतीच. सकाळपासून रेडिएटरही गार होता. अंगावर कोट चढवून मी बसले होते आणि राग मात्र उकळत होता. शेवटी मीच फोन उचलला आणि तो नंबर फिरवला, ज्यावर येणारे फोन मी इतकी वर्षं पलीकडे बसून उचलले होते.

"नमस्कार, तक्रार-कक्ष. बोला."

स्वतःचा आवाज माणसाला परका वाटतो म्हणतात. मला तो तसा वाटला नाही. मला तो ओळखीचा वाटला, आणि ओळखीमुळेच त्याचा मला तिटकारा आला. तो मऊपणा, वाक्याच्या शेवटी ती मान खाली घालणं, जे फोनवर दिसत नाही पण ऐकू येतं.

"माझं घर गार पडलंय," मी म्हणाले.

"क्षमस्व, बाई. आपली गैरसोय आम्हाला समजते."

आणि मग मी बोलत सुटले. त्या खुर्चीवर बसून मी जे जे ऐकलं होतं ते सगळं, एकही शब्द न गाळता, मी तिच्या कानात ओतलं. कुत्री म्हटलं. लाज नाही का म्हटलं. कोणाच्याही पायाशी वाकतेस, म्हटलं. घसा बसेपर्यंत ओरडले, आणि ती अधूनमधून, श्वास घ्यायला मी थांबेन तेव्हा, क्षमस्व म्हणत राहिली. तिने फोन ठेवला नाही. तिच्या आवाजाला कापही सुटला नाही. शेवटी माझ्याकडचे शब्द संपले आणि दोघींच्या मधे फक्त तारेची ती बारीक सळसळ उरली.

"आपला पत्ता, बाई?" तिने विचारलं.

मी सांगितला. रस्ता, इमारत, मजला, दार. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"त्या इमारतीची तक्रार आमच्याकडे सकाळीच आली होती," ती म्हणाली, अतिशय हळुवारपणे, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तशी. "आमची माणसं दारोदार जाऊन आली. तुमच्या पत्त्यावरही बराच वेळ बेल वाजवली त्यांनी, बाई. घरी कोणी नव्हतं."