वासाचा पुरावा

वकीलबाईंनी कॉफीची बरणी उघडून आईच्या नाकाखाली धरली.

"घ्या काकू, जरा जोरात श्वास ओढा."

आईनं चष्मा सारखा केला, बरणीवरच्या कागदाकडे ओझरतं पाहिलं, मन लावून श्वास घेतला आणि म्हणाली, "छान. ताजी दिसतेय कॉफी."

थोरली लेक शेजारच्या खुर्चीत बसली होती. बरणी तिच्यापासून हातभर लांब होती, तरी तिच्या डोळ्यांच्या कडा चुरचुरल्या. बरणीत डांबरगोळ्या होत्या.

आईनं थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला काय ते समजलं. गेले काही महिने ती असंच समजून घेत होती, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून.

"मला थोडी सर्दी आहे," आई म्हणाली.

"सर्दीसाठी लोक डॉक्टरकडे जातात काकू, वकिलाकडे नाही." वकीलबाईंनी झाकण घट्ट लावून बरणी मागच्या कपाटात, फायलींच्या मधे ठेवून दिली. "रागावू नका. माझ्याकडे माणसं नसलेलं दुखणं घेऊन येतात. लंगडत जिना चढतात आणि उतरताना धावत जातात. म्हणून आधी तपासून घेते. तुमचं उलटं निघालं. तुम्ही असलेलं दुखणं लपवताय. कोर्टात ते जास्त महागात पडतं."

आईनं पर्स मांडीवर सरळ केली, जणू आता उठायचंच आहे.

खोली झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होती. खालचं यंत्र चाललं की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हलायचं. दाराला कडी नव्हती. ते मधूनमधून आपोआप उघडायचं आणि बाहेरच्या बाकावर ताटकळलेली माणसं आत डोकावून पाहायची. थोरलीनं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. तिच्या पिशवीत बस कंपनीनं पाठवलेला कागद होता, चार घड्या घातलेला. त्यावर सही केली की हॉस्पिटलचा खर्च मिळणार होता, वर थोडेफार पैसे, आणि मग कोणाची कोणाविरुद्ध काही तक्रार उरणार नव्हती. कंपनीचा माणूस सोमवारी तो न्यायला येणार होता. फार गोड बोलायचा.

बस सुटली तेव्हा आईचा एक पाय पायरीवर होता आणि दुसरा अजून रस्त्याला टेकायचा होता. ती मागे पडली, डोक्याचा मागचा भाग फुटपाथच्या कडेवर आपटला. टाके पडले, डोक्याचे फोटो काढले, फोटो चांगले आले. भेटायला येणारा जो तो म्हणाला, थोडक्यात निभावलं.

"हातपाय मोडला असता तर माझं काम सोपं होतं," वकीलबाई कागद चाळत म्हणाल्या. "नाक हा अवयवच अवघड. कापलं गेलं तर पुरावा असतो. आतल्या आत गेलं तर कोण मानणार? चेहऱ्यावर तर आहे जागच्या जागी."

आईला हसू आलं. थोरलीला बरं वाटलं. घरी आई अलीकडे हसायची ती बरोबर ठिकाणी, पण किंचित उशिरा.

"काम काय करता?"

"मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक," आई म्हणाली. "सध्या रजेवर आहे. नवीन वर्ष सुरू झालं की जायचंय. माझी शेगडी राखून ठेवलीय."

"वासाशिवाय जमेल?"

"चव बघून करेन."

थोरलीनं मान खाली घातली. चव बघून स्वयंपाक करणाऱ्यांना आई जन्मभर नवशिकं म्हणत आली होती. ती पातेल्यापाशी जायचीसुद्धा नाही. दारातूनच सांगायची, मीठ विसरलात, कांदा कच्चा राहिलाय, खाली लागायला लागलंय, गॅस बारीक करा. मुली गमतीनं तिला 'बिनतारी' म्हणत. आणि आता चवही गेली होती, वासाच्या मागोमाग. जिभेला खारट, गोड, आंबट एवढंच कळत होतं, तेही लांबून हाक ऐकू यावी तसं.

"हे बघा." वकीलबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "हा हॉस्पिटलमधून सोडल्याचा. यात वासाबद्दल एक शब्द नाही. आणि हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा. वास पूर्ण गेला असं लिहिलंय, पण हा दोन महिन्यांनंतरचा. कंपनीचा वकील उभा राहील आणि म्हणेल, साहेब, बाईंचं वय झालंय, वयानं माणसाचं नाक जातं. मधे एखादा ताप येऊन गेला असेल, त्यानं गेलं. अपघाताचा काय संबंध? आणि न्यायाधीश माझ्याकडे बघतील. मी काय सांगू?"

"पण अपघातानंच गेलं," थोरली म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी घरात असते."

वकीलबाईंनी पेनचं टोपण काढलं. "बोला. तुम्हाला कधी लक्षात आलं?"

हा प्रश्न येणार हे थोरलीला ठाऊक होतं. येताना रस्ताभर ती त्याचं उत्तर जुळवत होती आणि प्रत्येक वेळी शेवटाशी येऊन अडत होती.

"आई घरी आली आणि स्वयंपाक करायला लागली. पहिल्याच आठवड्यात."

"काय झालं?"

"भाजी खारट होती. दुसऱ्या दिवशी अळणी. एकदा भात करपला होता, तो तसाच वाढला."

आईची पर्सवरची बोटं थांबली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"विचारलं असेल ना यांनी, कसं झालंय म्हणून? बाई माणूस वाढताना विचारतेच."

"विचारायची. रोज." थोरली म्हणाली. "मी म्हणायचे, छान झालंय."

"आणि डॉक्टरांना? टाके काढायला नेलंत तेव्हा?"

"म्हटलं, सगळं ठीक आहे. स्वयंपाकही करते."

वकीलबाईंनी पेन आडवं ठेवलं. रागानं नाही, दमल्यासारखं. "ते लिहिलंय इथे. 'स्वयंपाक करते, मुलीची तक्रार नाही.' उद्या तुम्ही साक्षीला उभ्या राहिलात की समोरचा वकील हाच कागद तुमच्यापुढे धरणार आणि विचारणार, बाई, तुम्ही तेव्हा खोटं बोलत होतात की आता बोलताय?"

खालचं यंत्र सुरू झालं. पेल्यातलं पाणी थरथरलं.

"तेव्हा," थोरली म्हणाली. तिला आईकडे पाहवेना. "आई, मला वाटलं, डोक्याला मार बसलाय, येईल आपोआप ताळ्यावर. तुला उगीच घोर लागायचा."

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

"काय?"

"तू आधी म्हणायचीस ना, अजून थोडं वाढ. ते म्हणायचं बंद केलंस. पानातलं मुकाट्यानं संपवायचीस, औषध घेतल्यासारखं."

"मग विचारायचीस कशाला रोज रोज?"

आईनं खांदे किंचित उडवले. "म्हटलं, एखाद्या दिवशी खरं सांगशील."

वकीलबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. दार उघडलं आणि कारकुनानं मान आत घातली. "बाई, जिन्यावरून पडलेले साहेब आलेत."

"पडलेत ना? मग बसू दे त्यांना. कुठे जाणारेत?" त्या म्हणाल्या, आणि कागद गोळा करू लागल्या. "मी स्पष्ट सांगते. मुलगी साक्षीदार म्हणून टिकणार नाही. मधले दोन महिने रिकामे आहेत. रिकाम्या हातानं मी कोर्टात जात नाही आणि तुम्हाला खोट्या आशेवर झुलवतही नाही. दूध करपलं तेव्हाच सगळ्यांना कळलं, असंच ना?"

ते खरं होतं. दुधाचं पातेलं काळं झालं, धूर जिन्यात गेला, शेजारीण धावत आली, तेव्हा आई त्याच स्वयंपाकघरात बसून पेपर वाचत होती.

"हो, तेव्हाच," आई म्हणाली. मग जरा थांबून, "त्याआधी एकदा झालं होतं. पण तेव्हा मला ते नाकाचं आहे असं वाटलं नाही. ते काही तुमच्या कामाचं नाही."

"कामाचं काय ते मला ठरवू द्या."

आई टेबलाच्या कडेशी बोलल्यासारखी बोलली.

"ह्यांचा एक स्वेटर होता. हे गेले त्याला दीड वर्ष झालं. बाकी सगळं देऊन टाकलं, तेवढा ठेवला. न धुता. प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, कपाटात मागच्या बाजूला. मी रोज उघडायचे नाही हं. कधीतरीच. जपून वापरावा लागतो वास, उघडा ठेवला की उडतो."

वकीलबाईंची मान हलली नाही.

"हॉस्पिटलातून आले, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली पिशवी. काहीच नाही. आत तोंड घालून बघितलं. नुसतं लोकरीचं खरबरीत लागलं गालाला. मला वाटलं, संपला. सारखी उघडत बसले म्हणून संपला. पडून आले होते ना, मन हळवं झालं होतं. मग म्हटलं, आता नुसता मळका कपडा कशाला ठेवायचा? धुवून टाकला."

तो दिवस थोरलीला लख्ख आठवत होता. गॅलरीत दोरीवर स्वेटर, बाह्या खाली लोंबत्या, टोकांतून पाणी ठिबकतंय. ती दारातच उभी राहिली होती. आईला म्हणाली काहीच नाही. पण कितीतरी दिवस आईशी तुटक बोलत राहिली, कामापुरतं. बाबांना आईनं धुवून वाळत घातलं, असं मनात म्हणत राहिली. त्याच दिवसांत खारट भाजी मुकाट्यानं गिळत राहिली, आणि आपण किती समजूतदार आहोत, असंही तिला वाटलं होतं.

वकीलबाईंनी पेन पुन्हा उचललं होतं. त्यांचा आवाज बदलला.

"थांबा. म्हणजे हॉस्पिटलातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी स्वेटरला वास होता आणि काकूंना आला नाही, एवढं जर कोणी सांगितलं, तर मधले दोन महिने भरले. मग ताप नाही, वय नाही. आणि ही कोर्टासाठी जुळवलेली गोष्ट नाही, हे आंधळ्यालाही कळेल." त्या थोरलीकडे वळल्या. "ती पिशवी तुम्हाला माहीत होती?"

"हो."

"उघडली होतीत कधी?"

थोरलीनं उघडली होती. आई हॉस्पिटलात असताना, तिचे कपडे न्यायला भर दुपारी घरी आली होती तेव्हा. कपाटात मागे हात गेला आणि पिशवी लागली. गाठ सोडून तिनं आत चेहरा खुपसला. बाबांच्या बाइंडिंगच्या कामातली खळ, शाई, त्यांची तपकीर आणि या सगळ्यांखाली मानेच्या घामाचा तो वास, जो लहानपणी बाबांच्या पाठीवर झोपताना यायचा. बाबा अख्खेच्या अख्खे होते तिथे. हॉस्पिटलचा फोन वाजेपर्यंत ती कपाटापुढे बसून होती. मग घाईनं गाठ मारली होती, फार खर्च होऊ नये म्हणून.

"एवढंच सांगा," वकीलबाई म्हणाल्या. "होता की नव्हता? यावर मी केस घेते."

आई तिच्याकडे पाहत नव्हती. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. वास आपणहून संपला, या एका समजुतीवर तिनं तो स्वेटर पाण्यात बुडवला होता. साबण लावून, चोळून, पिळून.

"उघडली होती," थोरली म्हणाली. "काही नव्हतं. आई, तू म्हणतेस ते बरोबर आहे. संपलाच होता तो. मी उघडली तेव्हाही नव्हता."

बोलताना तिचा आवाज मोकळा, हलका आला. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

वकीलबाईंनी तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं. मग मान डोलावली आणि पेनला टोपण लावलं. "मग माझा इलाज नाही. कंपनीचा तो कागद आणलाय ना? द्या, एकदा वाचून देते. सही करायचीच तर फसू तरी नका."

थोरलीनं पिशवीत हात घातला. कागद हाताला लागला.

"लिहा हो बाई," आई म्हणाली. "होता."

"काकू, पण या तर आत्ताच म्हणाल्या—"

"म्हणाली ना. पण कसं म्हणाली ते ऐकलंत? रोज जेवताना अशीच म्हणायची."

खाली यंत्र थांबलं होतं. आईनं पट्टा सोडून दिला आणि खुर्चीतल्या खुर्चीत पूर्ण वळून थोरलीच्या समोर झाली. अपघातानंतर तिला मान वळवायला त्रास व्हायचा, त्यामुळे वळायचं तर सगळं अंगच वळवावं लागायचं.

"खूप होता का गं?" तिनं विचारलं.

थोरलीनं पिशवीतून हात बाहेर काढला. तो रिकामाच होता.

"हो," ती म्हणाली. "खूप."

वकीलबाईंनी टोपण काढलं, पण लगेच लिहायला घेतलं नाही.