तुळसाबाईच्या हातातले अकरा पट्टे

"पोरी, पुंजाले भूक सोसत नाही. त्याचे उपास तूच धरत जाय. कोणाचं पोट रिकामं हाय ते देव पाहत नाही, नाव पाहते."

सासू सरूबाई हे सांगून गेली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, पण तुळसाबाईच्या कानातून तो आवाज काही गेला नाही. सोमवार तिचा स्वतःचा, शनिवार नवऱ्याच्या, पुंजाजीच्या नावाचा. चतुर्थी तिची, एकादशी त्याची. शनिवारी तिच्या वाट्याची भाकर उरायची ती पुंजाजीच खायचा, कारण आपल्या नावाच्या उपासाची भाकर दुसऱ्या कोणी खावी हे त्याच्या मनाला पटत नसे. एकदा त्याला टायफॉइड झाला तेव्हा तिनं नऊ दिवस मीठ सोडलं आणि दहाव्या दिवशी तो उठून वांगी तोडायला गेला. त्यात सलाईनचाही हात होता, पण सलाईनचं नाव घरात कोणी काढलं नाही.

किन्हीराजाच्या शिवेला त्यांचा मळा. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. माल घेऊन पुंजाजी रोज मालेगावला जायचा, आणि बाजारात ज्याच्याशी बोलायचं त्याच्याबरोबर चहा घ्यायचा. बोलका माणूस. दिवसाला सात-आठ कप सहज व्हायचे.

मग गावात 'निरामय पाऊल' नावाच्या संस्थेचं शिबिर आलं. ही वाशीमची माणसं गावोगाव साखर तपासत, पोस्टर लावत, उपकेंद्रात तपासणीच्या पट्ट्या दर महिन्याला मिळाव्यात म्हणून सह्यांचे अर्ज फिरवत. त्या अर्जावर गावातल्या बहुतेक पुरुषांच्या सह्या त्यांच्या बायकांनीच केल्या होत्या. तिथूनच खरं तर संस्थेनं ओळखायला हवं होतं.

शिबिरात संस्थेच्या सुचितानं पुंजाजीचं बोट टोचलं. साखर तीनशे अठरा.

"काका, पायातली चप्पल निसटली तर कळते का?"

"नाई कळत. मांगून कोणी आवाज देते तवा कळते."

सुचितानं तुळसाबाईकडं पाहिलं. "काकू, हे चांगलं लक्षण नाही. या पायाला जखम झाली तर यांना दुखणारही नाही. साखर अशीच राहिली तर पाय कापायची पाळी येते."

तुळसाबाईनं पदर घट्ट धरला. पुढचं तिनं प्राण कानात आणून ऐकलं. एकशे आठ दिवस साखर बंद. रोज चाळीस मिनिटं चालायचं. गोळी सकाळ-संध्याकाळ. आणि पावलं मोजणारा एक पट्टा मनगटाला बांधायचा, त्याचा हिशोब संस्थेच्या कचेरीत आपोआप जाईल.

घरी आल्यावर पुंजाजीनं पट्टा सोडला आणि तिच्या हातात दिला. "घे. हे तुह्यं खातं."

तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं आंघोळ केली, हातावर पाणी घेतलं, पुंजाजीचं नाव घेऊन सोडलं, आणि मळ्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत चालत निघाली. देवळाला प्रदक्षिणा घातली, परत आली. चहातली साखर सोडली, गूळ सोडला, पेरूसुद्धा सोडला. घरातली साखर संपेना म्हणून पुंजाजी स्वतःच्या चहात जरा जास्त घालू लागला. गोळ्या ती रोज न चुकता त्याच्या तळहातावर ठेवी आणि तो त्या सदऱ्याच्या खिशात ठेवी. बायको एवढी चालून राह्यली. एका दुखण्याला दोन-दोन इलाज कशाला, असं त्याचं म्हणणं.

आठवडाभरात ही बातमी किशनच्या हॉटेलात पोचली. किशनची साखर दोनशे ऐंशी होती आणि धंदा चहाचा होता. तो पट्टा घेऊन मळ्यावर आला.

"वयनी, तुमी चालूनच राह्यल्या तं माहाबी घेऊन जा. वजन काय त्याचं."

"तुमच्या सुकेशनीले सांगा नं, भाऊजी."

"सुकेशनी चालली होती दोन दिस. पण तिचा उपास लागू पडत नाही. रागानं करते. तुमचं मन साफ हाय."

तुळसाबाईला नाही म्हणणं कधी जमलं नव्हतं. किशनच्या मागून हरीओम आला, सतीश आला, माजी सरपंच आले आणि येताना एक नारळ घेऊन आले. महिन्याभरात तिच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्यांच्या वर कोपरापर्यंत अकरा काळे पट्टे झाले. पहाटे निघण्यापूर्वी ती अकरा जणांची नावं घेऊन अकरा वेळा पाणी सोडी. देवळाला अकरा प्रदक्षिणा, एकेकाच्या नावाची एकेक. कोणाला विसरलं तर पाप लागेल म्हणून नावं ती वाटेतही पुटपुटत राही. मळ्यातली मेथी तोडायला उशीर होऊ लागला, पण अकरा घरांचं ओझं होतं, मेथीचं काय.

तिकडं वाशीमच्या कचेरीत ऋषिकेश नावाचे अधिकारी संगणकासमोर बसले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. किन्हीराजाचे अकरा पुरुष रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी एकदम निघत. अकराही जण सहा हजार चारशे बारा पावलं चालत, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. वाटेत एकाच जागी अकराही जण गोल गोल फिरत. एक दिवस अकराही जण एकाच क्षणी थांबले होते. त्या दिवशी तुळसाबाईच्या पायात काटा गेला होता, पण हे ऋषिकेशना कुठून कळणार. त्यांनी अहवालात लिहिलं, की अशी एकजूट आपल्या पाहण्यात दुसरीकडं नाही. आणि गावात सत्कार ठरवला.

चाळिसाव्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव पडला. अकरा खुर्च्या मांडल्या. पुंजाजी मधल्या खुर्चीवर, फेटा बांधून. अकराही जणांची मनगटं मोकळी होती, हे ऋषिकेशना दिसलं नाही, कारण ते भाषण करत होते. तुळसाबाई बायकांत मागं बसली होती, हात पदराखाली घेऊन.

"आता सर्वांसमोर साखर तपासू," ऋषिकेश म्हणाले. "पुंजाजी, बोट पुढं करा."

पुंजाजीनं मागं वळून हाक दिली. "तुळसे, इकडं ये व. बोट दे."

तुळसाबाई आली आणि तिनं उजव्या हाताचं बोट पुढं केलं. सुचिताच्या हातातली सुई तशीच राहिली.

"काकू, तुमचं नाही. काकांचं."

"त्यायचंच हाय," तुळसाबाई हळू आवाजात म्हणाली. "त्यायच्या नावानं मीच चालली. त्यायच्या नावानं साखर मीच सोडली. मंग रगत त्यायचं कायले घेता? त्यायनं कुठं काय केलं?"

मांडवात कोणाला हे बोलणं चुकीचं वाटलं नाही. किशननं तर मान डोलावली. "बराबर हाय. ज्यानं पेपर लेयला त्याचाच तपासा."

ऋषिकेशनी घाईघाईनं तुळसाबाईचंच बोट टोचून घेतलं. चौऱ्याऐंशी. "वा, पुंजाजी, चौऱ्याऐंशी," ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. पुंजाजीनं हात जोडले.

सुचिता मात्र खाली बसली. तिनं पुंजाजीचं बोट धरलं आणि टोचलं. तीनशे एकेचाळीस. मग तिनं त्याचा नवा बूट काढला, मोजा काढला. अंगठ्याच्या खाली रुपयाएवढी जखम, कडा काळसर पडलेल्या. मोजा आतून ओला होता.

"हे केव्हाचं, काका?"

"कायचं?" पुंजाजीनं वाकून आपल्याच पायाकडं पाहिलं. दुसऱ्याचा पाय पाहावा तसं. "हे कवा झालं व?"

टाळ्या थांबल्या. तुळसाबाईनं तो पाय धरायला दोन्ही हात पुढं केले, तेव्हा पदर सरकला आणि अकरा पट्टे सगळ्यांना दिसले. ऋषिकेशनी ते एकदा मोजले, पुन्हा मोजले, आणि हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला. माजी सरपंच म्हणाले, की आमचं नंतर तपासा, आज मुहूर्त नाही.

"माहं काय चुकलं, बाई?" तुळसाबाईनं सुचिताला विचारलं. "एक दिस खंड नाही पडू देला."

"तुमचं काहीच चुकलं नाही, काकू. म्हणून तर तुमची साखर चौऱ्याऐंशी आहे." सुचितानं जखमेवर कापूस ठेवला. "पण तुमचं चालणं काकांच्या रक्तात कसं जाणार? उद्यापासून रोज मालेगावच्या दवाखान्यात पट्टी करायची. गोळी गिळायची. आणि काका, जखम भरेपर्यंत तुम्ही उगाच चालायचं नाही."

"पाह्य," पुंजाजी म्हणाला. "मी पयलेपासून हेच सांगून राह्यलो." पण बोलताना तो आपल्या पायाकडंच पाहत होता.

त्या दुपारी तुळसाबाईनं व्रताचं उद्यापन केलं. मारुतीपुढं नारळ फोडला आणि घरोघर गेली. प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि पट्टा ठेवला. किशननं खोबरं घेतलं, पट्ट्याला हात लावेना.

"वयनी, एवढा महिना तरी."

"नाई, भाऊजी. देवानं तुमाले पाय देले. माह्याजवळ दोनच हायेत."

सुकेशनीनं आतून येऊन तो पट्टा नवऱ्याच्या मनगटावर बांधला, आणि जरा कसूनच बांधला.

शेवटचा पट्टा राहिला. पुंजाजी ओसरीवर पाय उशीवर ठेवून बसला होता. ती त्याच्याजवळ बसली, पट्टा त्याच्या उशीशी ठेवला. सासूचा शब्द आता आपल्या तोंडानं परत करायचा होता.

"अहो, बुढीनं सांगतलं तसं मी केलं. तुमची भूक मी काढली, त्याचं मले काई वाटलं नाही. पण पाय मले देता येत नाही. देता आला असता तं देला असता."

 पुंजाजीनं सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एकेक करत गोळ्या बाहेर काढल्या. काही धुण्यात विरघळून खिशाला चिकटल्या होत्या, त्या नखानं खरवडल्या. सगळ्या तिच्यासमोर ओळीनं मांडल्या.

"इतक्या?" ती म्हणाली.

"मले वाटलं, तू हायेस तं."

 तिनं त्यातली धड एक गोळी उचलली, पाणी दिलं. त्यानं ती गिळली, आणि गिळली हे दाखवायला तोंड उघडून दाखवलं.

"उद्या जाईन पट्टीले," तो म्हणाला. "रोज जाईन, सुचिताबाई म्हणते तवापर्यंत. देवाले नाही, तुले सांगतो."

"मी येते संग."

"नको येऊ. तू आली तं मी पट्टी तुह्याच पायाले बांधून घेईन."

ती हसली. चाळीस दिवसांत पहिल्यांदाच.

सकाळी ती देवाजवळ जपाला बसली होती. ओसरीवर खुडबुड ऐकू आली. पुंजाजीनं स्वतःच भांड्यात पाणी घेतलं, गोळी घेतली, दवाखान्याची पिशवी काखोटीला मारली. सैल चप्पल पायात आहे की नाही ते त्यानं वाकून, हातानं चाचपून पाहिलं. तिला हाक मारली नाही. फाटकाची कडी त्यानं आवाज होऊ न देता काढली, आणि जखमेवर भार येऊ नये म्हणून टाच टेकत, हळूहळू, मालेगावच्या गाडीकडं निघाला.