भांडकुदळ रक्त

"हात पुढे कर. तळवे वर," हौसाबाई म्हणाल्या. "आणि माझं होईस्तोवर कुणी मधे बोलू नका."

सुदेशने तळहात पुढे केले. ते लाल झाले होते, रेघारेघांतून कुणी कुंकू भरून ठेवावे तसे. तोच लालपणा कानांच्या मागे होता आणि छातीवरही. तोंडावर मास्क होता. डोक्यावर नुकती कुठे मऊ लव उगवू लागली होती. सेहेचाळीस वर्षांचा माणूस त्या खुर्चीत जावळ न काढलेल्या मुलासारखा दिसत होता.

हौसाबाईंच्या मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या होत्या. हाताभराचे अंतर राखायचे आणि घरात धूर करायचा नाही, या दोन अटी सुनेने आधीच घातल्या होत्या. त्यांनी मूठ त्याच्या डोक्यावरून पायांपर्यंत फिरवली.

"आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची, काळ्याची, गोऱ्याची, आईची, बापाची, भावाची, बहिणीची..."

इथे त्यांचा आवाज जरासा खाली गेला. दम लागला असेल, किंवा आणखी काही. सुदेशने डोळे उघडले तेव्हा त्याची बहीण रसिका दारात उभी होती.

ती घरून डोक्यावरून आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आली होती. तसे केल्याशिवाय तिला या घरात पाऊल ठेवता येत नसे. कल्याणच्या फुलबाजारात तिच्या सासरचा गाळा होता आणि लग्न झाल्यापासून ती तो सांभाळत होती. ताजी फुले, ओली माती, कुंडीतली झाडे यांतले काहीही सुदेशच्या जवळपास नको, असे इस्पितळातून सोडताना बजावले होते. त्याच्या रक्ताचा कर्करोग हटवण्यासाठी रसिकाच्या रक्तातल्या मूळपेशी त्याच्या शरीरात घातल्या होत्या. त्याच्या अंगात नवे रक्त तयार होत होते ते तिचे. आणि त्याला जपायचे होते तेही तिच्या हातांपासून.

"उकड आणलीय. गरम आहे," तिने डबा टीपॉयवर ठेवला. "मी निघते."

"अगं, आत्ता तर आलीस," अमृता म्हणाली. "बस की."

"नको वहिनी. घटस्थापना आलीय. माल उतरायचाय."

ती जिना उतरून गेली. हौसाबाई मूठ तशीच मिटून उभ्या होत्या. मग त्याही खाली गेल्या. फाटकाजवळच्या इस्त्रीवाल्याच्या निखाऱ्यांवर त्यांनी ते मीठ-मोहरी टाकले. ठसका लागला तो बिचाऱ्या इस्त्रीवाल्याला.

त्या वर आल्या तेव्हा अमृता वाटच पाहत होती.

"तिच्यासमोर बहिणीची कशाला म्हणालात?"

"माझ्या आईनं शिकवलं तसं म्हणते मी. त्यात आईची पण नजर येते. मी काय स्वतःला शिव्या घालते?"

"आणि काल फोनवर?"

हौसाबाईंनी रिकामी मूठ पदराला पुसली. आदल्या दिवशी अंगावर पुरळ दिसले तेव्हा अमृताने इस्पितळात फोन केला होता. तिथल्या नर्सने सांगितले, बहिणीच्या पेशींना हे घर परके वाटते, म्हणून त्या कातडीशी भांडण काढतात. येत्या तपासणीला दाखवा, तोवर मलम लावा. अमृताने हे रसिकालाही फोन स्पीकरवर टाकून सांगितले आणि शेजारी बसलेल्या हौसाबाई हसून म्हणाल्या, "लहानपणापासनं भांडकुदळच ती. पाटी मारून याचं डोकं फोडलं होतं. आता आत शिरून भांडतेय." सगळे हसले. पलीकडून रसिकाही हसली. फक्त तिचे हसू इतरांच्या आधी थांबले, हे सुदेशला जाणवले होते. त्याला अशा गोष्टी जाणवत, पण काय बोलावे ते कधी सुचत नसे.

"पेशी काढताना ती मशीनवर दोन्ही हात पसरून पडली होती," हौसाबाई पुटपुटल्या, "हलायचं नाही म्हणून बजावलं होतं. तेव्हा नाकाला खाज सुटली तर पदरानं कोण खाजवत होतं? मीच की. मला काय तिची किंमत नाही?"

त्यानंतर रसिका आली नाही. फोन केला की "माल आलाय, नंतर करते" म्हणे आणि नंतर करत नसे. काही दिवसांनी तेवढेही म्हणेना. रिंग वाजून वाजून बंद होई.

सुदेशचे दिवस खिडकीजवळ जात. मानपाड्याच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत तो मदतनीस होता. परीक्षानळ्या विसळायच्या, लिटमसचे तुकडे कापून ठेवायचे, फुटलेले चंचुपात्र कुणी फोडले ते मुख्याध्यापकांना सांगायचे नाही, हे त्याचे काम. गडबडीतही शांत राहिलेला माणूस तो, आता शांततेत मात्र गांगरत होता. उकळलेले पाणी, शिजवून पुन्हा वाफवलेले जेवण, गोळ्या, आणि गोळ्यांनी येणारी ती झोप, जी झोपही नव्हती आणि जागही नव्हती.

त्या गुंगीत त्याला फुले दिसत. आयुष्यात त्याने फुलांकडे कधी मुद्दाम पाहिले नव्हते. देवाला रोज पुडी येई ती अमृता आणी. बहिणीच्या बाजारातही तो कधी गेला नव्हता, जाण्याचे काही कारणच पडले नव्हते. आता मात्र दुपारच्या उन्हात डोळे मिटले की झेंडूचे ढीग दिसत, ओल्या गोणपाटाचा वास येई, कुणीतरी पाण्याचा हबका मारी आणि तो त्याच्या गालावर पडे. आपण त्या ढिगात आहोत असे त्याला वाटे. वरून एक हात येई. कुजलेली फुले वेचून बाजूला टाकी. तो हात आपल्याशी थांबे तेव्हा सुदेशचा श्वास अडके. पण हात त्याला उलटून पाही आणि परत ढिगात ठेवी.

हे कुणाला सांगावे? डॉक्टर म्हणतील, औषधाचा परिणाम. आई म्हणेल, दृष्ट. रक्ताबरोबर माणसाचे दिवसही येतात का, हे विचारायला एकच माणूस योग्य होते आणि ते फोन उचलत नव्हते. पूर्वी रसिका आठवड्यातून दोनदा तरी त्याच्याशी भांडत असे. तू फोन करत नाहीस, तू आईला डोक्यावर चढवून ठेवलंस, तुझ्या शर्टाची कॉलर बघ. त्या आवाजाशिवाय घर फार सभ्य झाले होते. तिच्या मनात काय बसले असेल ते त्याला कळत होते. आपण भावाला वाचवायला गेलो आणि आपलेच रक्त त्याला खातेय, असे वाटून ती एकटी बसली असेल. एवढे ओझे घेऊन ती फुले कशी तोलत असेल?

तपासणीच्या दिवशी खालच्या मजल्यावरचे भाऊ त्यांच्या गाडीतून सुदेश आणि अमृताला ठाण्याच्या इस्पितळात घेऊन गेले. भाऊ निवृत्त झाल्यापासून इमारतीतल्या सगळ्या आजाऱ्यांचे सारथी होते आणि त्याबद्दल कुणी आभार मानले तर चिडत.

डॉक्टरीणबाईंनी तळहात पाहिले, कानांमागे पाहिले, रक्ताचे आकडे वाचले.

"थोडं आहे. मलम चालू ठेवा, एक गोळी वाढवते," त्या म्हणाल्या.

सुदेशने खूप वेळ मनात जुळवलेले वाक्य अर्धेच बाहेर आले. "म्हणजे हे... बहिणीच्या रक्तामुळे..."

"हो. त्यात घाबरायचं काही नाही. जास्त झालं तर आम्ही आवरू. पण इतपत भांडलं तर मला उलट बरं वाटतं. जुना आजार कुठे कोपऱ्यात लपून राहिला असेल तर त्याला शोधून मारणारं हेच रक्त आहे. अगदीच गुण्यागोविंदानं राहिलं असतं तर मी जास्त काळजी केली असती." त्यांनी चष्मा काढला. "बहीण नाही आली आज? दर वेळी तीच जास्त प्रश्न विचारते."

गाडीत बसल्यावर सुदेश आपले तळहात उलटसुलट करून पाहत राहिला. मग तो भाऊंना म्हणाला, "आज दुर्गाडीवरून जाऊ या का?"

"उगाच लांबचा वळसा," भाऊ म्हणाले. "शिळफाट्यानं सरळ घरी."

"शिळफाट्याला ट्रॅफिक असेल."

"तो रोजच असतो."

अमृताने नवऱ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने कुणाला रस्ता बदलायला सांगितल्याचे तिला आठवत नव्हते. दुर्गाडीच्या पलीकडे कल्याणचा फुलबाजार आहे, हे तिला ठाऊक होते.

"भाऊ, दुर्गाडीवरूनच घ्या," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, "काच उघडायची नाही. उतरायचं नाही. मी बोलावून आणते तिला."

वाटेत सुदेशने बोलायचे सगळे ठरवले. तुझे माझ्यावर किती उपकार, असे सुरू करावे का? नको, ते सत्कारासारखे वाटेल. रसिका, तुझा काही दोष नाही, असे म्हणावे? पण दोष नाही म्हटले की दोषाचीच आठवण होते. खाडीचा पूल आला तरी पहिले वाक्य ठरत नव्हते.

बाजाराच्या फाटकाबाहेर भाऊंनी गाडी लावली. अमृता आत गेली. काचेपलीकडे टेम्पो होते, गोण्या होत्या, पायांखाली तुडवलेल्या पाकळ्यांचा चिखल होता. ढीग मात्र दिसत नव्हते, ते आत असणार. त्याने स्वप्नात पाहिले होते तसे इथे काहीच नव्हते. सगळे जास्त मळके होते आणि फार मोठ्याने बोलत होते. त्याला हसू आले.

रसिका आली. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात ओले आणि पिवळे. गाडीपासून जरा लांबच ती थांबली आणि हात पाठीमागे नेले. अमृताने आपला फोन तिच्या कानाला लावून धरला. गाडीतला सुदेशचा फोन वाजला.

"काय झालं?" तिने विचारले. "वाढलं का?"

त्याला एकही वाक्य आठवले नाही. त्याने बाही वर सारली आणि लाल तळहात आतून काचेला टेकवला.

"डॉक्टर म्हणाल्या, भांडू दे."

"काय?"

"भांडू दे म्हणाल्या. जुना आजार उरला असेल तर हेच मारतं. शांत बसलं असतं तर मग काळजी."

ती काचेवरच्या तळहाताकडे पाहत राहिली. मागून एक टेम्पोवाला ओरडत होता, तिला ऐकूच आले नाही.

"नक्की म्हणाल्या? का तू रचतोयस?"

"मला रचता येतं का?"

ते तिला पटले असावे. तिने खांद्याला डोळे पुसले, कारण हात वापरता येत नव्हते. मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"आणि हे सांगायला तू इथं आलायस? या धुळीत? येडा आहेस का तू, दादा?"

"तू फोन उचलत नव्हतीस."

"म्हणून काय मार्केटला यायचं? मेसेज करता येत नाही? बोटं झडली? आणि वहिनी, तुम्ही पण! याचं डोकं तर कधीच नव्हतं, तुम्ही तरी!" आजूबाजूचे दोन हमाल थांबून पाहू लागले. "मास्क नीट लाव आधी. नाक बाहेर आलंय. आणि आईला सांग, रविवारी येते मी. सांग तिला, बहिणीची म्हणायचं तर मोठ्यानं म्हण, तोंडातल्या तोंडात नाही."

"सांगतो."

"नाही सांगणार तू. वहिनी, तुम्ही सांगा. भाऊ, गाडी काढा हो, काय तमाशा बघताय?"

"काढतो, काढतो," भाऊ घाईने म्हणाले. कुणाला एवढ्या लवकर घाबरलेले ते त्या दिवशी पहिल्यांदाच दिसले.

अमृता हातांना सॅनिटायझर लावून आत बसली. भरलेला टेम्पो सोडताना मारतात तशी रसिकाने गाडीच्या टपावर ओल्या हाताची थाप मारली आणि मागे न पाहता फाटकातून आत निघून गेली.

गाडी सुरू झाली तेव्हा टपावरून पाण्याचा एक ओघळ सुदेशच्या काचेवर उतरला. त्याबरोबर झेंडूची एक पाकळीही घसरत आली आणि मधेच चिकटून राहिली. अमृताने पर्समधून ओला कागदी रुमाल काढला.

"बाहेरच्या बाजूला आहे," तो म्हणाला.

तिने रुमाल परत ठेवला. पत्री पुलावर वाऱ्याने पाकळीची एक कड सुटली आणि थरथरू लागली. सुदेश डोके मागे टेकून त्या पाकळीकडे पाहत होता. ती कधी उडाली ते त्याला कळले नाही. तोवर त्याला झोप लागली होती.