तारेच्या टोकाला अहिल्याकाकू

मित्रांनो, अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गमधील एका स्वयंपाकघराच्या भिंतीवर सत्तावीस वर्षे टांगलेला मी एक जुना दूरध्वनी आहे. कहाणी सांगण्यापूर्वी एक खुलासा करतो. जुन्या वस्तूंच्या तोंडी लोक हमखास रडगाणे घालतात, की नवे यंत्र आले आणि आमचे दिवस सरले. हा युक्तिवाद मला मान्य नाही. नवे यंत्र येणारच, आणि चांगले असेल तर ते यावेच. माझे भांडण निराळे आहे.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. रंग दुधावरच्या सायीसारखा, आणि रिसीव्हरची दोरी इतकी लांब की बोलता बोलता तव्यावरची पोळी उलटता यावी. माझ्या तांब्याच्या तारेतूनच मला वीज मिळे. त्यामुळे वादळात साऱ्या गल्लीत अंधार झाला तरी माझा आवाज शाबूत असे. या गुणाचा मला गर्व होता, हे कबूल करतो.

विनय नावाचे एक गृहस्थ नागपूरहून येथे संगणकाच्या कामासाठी आले. त्यांनी मला विकत आणले आणि त्यांच्या पत्नीने, म्हणजे अहिल्याकाकूंनी, माझी जागा ठरवली. ते दिवस मोठे भरभराटीचे होते. पैसे आगाऊ भरलेले कार्ड खरवडून, त्यावरचा लांबलचक क्रमांक फिरवून ही मंडळी नागपूरला बोलत. ठरलेली मिनिटे संपली की वाक्य अर्ध्यावर तुटे. म्हणून महत्त्वाचे आधी आणि प्रकृतीची चौकशी नंतर, अशी रीतच पडली होती. पुढे माझ्याच तारेतून किंकाळ्या फोडीत इंटरनेट घरात शिरले.

मग एके वर्षी विनयरावांचे कामच त्या वाटेने निघून गेले. कंपनीने ते पुण्याला सोपवले आणि तेथील मुलांना शिकवण्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. सहा आठवडे रोज पहाटे ते रिसीव्हर कानाला लावून बसत.

“स्वतःची नोकरी घालवायला इतकं मन लावून शिकवताय?” काकूंनी एकदा विचारले.

“शिकवायचं तर नीट शिकवायचं,” ते म्हणाले. “पलीकडच्या त्या अस्मिताची पहिलीच नोकरी आहे.”

एका घरची चूल मंदावली आणि दुसऱ्या घरची पेटली. तार मात्र एकच होती. तारेचे हे सामर्थ्य मी त्या सहा आठवड्यांत ओळखले. विनयरावांना सात महिन्यांनी दुसरी नोकरी मिळाली.

कालांतराने खिशातले फोन आले. बोलणे फुकट झाले आणि चेहरेही दिसू लागले. माझ्यावर धूळ साचली. विनयराव वारले. मुलगा यतीन दूर कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला स्थायिक झाला आणि आईची सारी बिले तिथूनच भरू लागला. काकू एकट्या राहिल्या, आणि एकट्या राहण्यावर ठाम राहिल्या.

गेल्या फेब्रुवारीत त्या न्हाणीघरात पडल्या. मोबाइल पलंगावर होता. चाळीस मिनिटे त्यांना उठता येईना. दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या प्रतिमामावशींनी त्यांना गळ्यात घालायचे एक बटण आणून दिले. त्याच्याबरोबरची बोलकी डबी माझ्याशेजारी जोडली; बटण दाबले की तिच्यातून मदतकेंद्राला फोन लागे. तो माझ्याच तारेवरून! मित्रांनो, निवृत्तीनंतर मला असे मोठे काम मिळाले.

पण यतीनला यातले काही कळू द्यायचे नव्हते. म्हणून काकूंनी डबीचा आवाज अगदी बारीक केला आणि ती तांदळाच्या बरणीमागे दडवली. बटणाची परीक्षा मात्र त्या न चुकता दर संकष्टीला घेत. सकाळी देवापुढे दिवा लावला की बटण दाबायचे, मदतकेंद्रातील बाईचा आवाज ऐकायचा, आणि मगच चहा.

सप्टेंबरातल्या संकष्टीला बटण दाबले आणि काहीच झाले नाही. काकूंनी पुन्हा दाबले. मग मला उचलले. मी मुका होतो. बरणीमागे तेवीस दिवस तार बंद पडल्याचे सांगणारा एक तांबडा दिवा लुकलुकत होता आणि तो कोणाला दिसला नव्हता.

काकूंनी चहा न घेताच टॅब्लेटवर यतीनला गाठले.

“घरचा फोन बंद आहे रे.”

“हो, मीच कॅन्सल केला. अगं आई, त्यावर स्कॅमवाल्यांशिवाय कोण फोन करतं?”

“मला विचारायचं तरी!”

“ॲपमध्ये दोन मिनिटांचं काम होतं. तुला कशाला त्रास?”

काकूंनी कुर्त्याच्या आतून बटण बाहेर काढून पडद्यासमोर धरले. यतीनचा चेहरा उतरला.

“तू पडलीस? कधी?”

“फेब्रुवारीत.”

“आणि मला सांगितलं नाहीस!”

“सांगितलं असतं तर तू विमानाचं तिकीट पाठवलं असतंस. एकाच बाजूचं.”

“मग! आत्ता बुक करतो.”

“कर. मी कॅन्सल करीन. मलाही ॲप येतं.”

“बाबा, शी गॉट यू,” मागून नात सावनी म्हणाली.

यतीन हसला नाही. “आई, तेवीस दिवस... काही झालं असतं तर?”

“तर दोष दोघांचा असता,” काकू शांतपणे म्हणाल्या. “तू न विचारता तोडलंस, मी न सांगता जोडलं. आता रडत बसू नकोस. फोन परत सुरू कर.”

तो सुरू झाला नाही. कंपनीने कळवले की या भागातील तांब्याची तार एकदा बंद झाली की पुन्हा मिळणार नाही. यतीनने बिनतारी डबी मागवली. ती यायला दहा दिवस लागणार होते. तोवर प्रतिमामावशी सकाळ-संध्याकाळ दार वाजवून जाऊ लागल्या.

दुसरी कोणी असती तर येथे थांबली असती. काकूंनी आपल्या घरी दर गुरुवारी चहाला जमणाऱ्या ज्येष्ठांपुढे विषय काढला. “कोणाकोणाकडे असं बटण आहे?” सारे आपापल्या कपाकडे पाहू लागले. मग काकूंनी स्वतःच्या पडण्याची हकीकत लाज न बाळगता सांगितली. एक हात वर आला, मग दुसरा. पाच जण निघाले, आणि पाचांनीही मुलांपासून लपवलेले!

“शंतनूराव, तुम्ही शेवटची परीक्षा कधी घेतलीत?”

“घेतलीच नाही, वहिनी.”

“अहो, जन्मभर लोकांच्या सिस्टिम टेस्ट केल्यात ना?”

“त्याचा पगार मिळत होता!”

हशा झाला. पण त्याच संध्याकाळी काकू प्रतिमामावशींना घेऊन घरोघर गेल्या आणि प्रत्येकाकडून बटण दाबवून घेतले. दोन मेलेली निघाली. त्यांतले एक शंतनूरावांचे होते. पुढच्या गुरुवारी ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या खाली बसून खिशातल्या फोनवरून आपल्या मुलाला फोन लावला आणि सगळे सांगून टाकले.

तर मित्रांनो, हे माझे भांडण. मला खाली उतरवा, माझी हरकत नाही. तांब्याची तार वितळवून तिचे आणखी काही करा. पण दोन मिनिटांत काही बंद करता येते म्हणून ते दोन मिनिटांतच करू नका. त्या तारेच्या टोकाला कोण आहे, हे आधी विचारा. आणि टोकाला तुम्ही स्वतः असाल, तर कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगा.

काल नवी डबी आली. काकूंनी ती ओट्यावर, सर्वांना दिसेल अशी ठेवली आणि बटण दाबले. खणखणीत आवाज आला. पलीकडच्या बाईने नाव-पत्ता तपासला आणि विचारले, “हू शुड वी कॉल फर्स्ट?”

“माय सन,” काकू म्हणाल्या, आणि यतीनचा क्रमांक त्यांनी कुठेही न पाहता, एकेक आकडा सुटा करून सांगितला.